संकटकाळची कळ : दाबाचा अर्थ मोबाइल कसा लावतो?

संकटात सापडलेल्या व्यक्तीस पडद्यावरील चित्रे शोधण्यास सवड नसते. अंधारात, पिशवीत किंवा पदराआडही बोटांना अचूक सापडते ती मोबाइलच्या कडेची कळ. हे ध्यानी घेऊन केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने एप्रिल २०१६ मध्ये नियम प्रसृत केले. साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ या आकड्याची कळ दाबून धरल्यास मदतीसाठी कॉल जावा, तसेच स्मार्टफोनवर आपत्कालीन कॉलचे बटण दाबून धरल्यास किंवा चालू-बंद कळ लागोपाठ तीनदा दाबल्यास तीच सोय मिळावी, असे या नियमांनी ठरविले. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलसाठी ही तरतूद होती. पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठी आता ११२ हा एकच क्रमांक आहे.

कळ दाबल्यावर काय घडते?

कळ दाबली की आतील दोन धातूंचे बिंदू एकमेकांना टेकतात. मात्र टेकताना ते काही सहस्रांश सेकंद थरथरतात, त्यामुळे एकच दाब अनेक दाबांसारखा भासू शकतो. ही थरथर वगळून खरा दाब एकदाच मोजणे, हे यंत्रणेचे पहिले काम होय. त्यानंतर कोणती कळ, ती केव्हा दाबली व केव्हा सोडली, याची नोंद होते. या दोन क्षणांमधील अंतरावरून साधा दाब व दीर्घ दाब यांतील भेद कळतो. दोन दाबांमधील अंतर मोजले की 'लागोपाठ तीनदा' याचा अर्थ लागतो.

ॲपची मर्यादा

ही नोंद प्रथम फोनच्या मूळ प्रणालीकडे जाते. अँड्रॉइड फोनमध्ये आवाज कमी-अधिक करणाऱ्या कळेची नोंद पडद्यावर उघड्या असलेल्या ॲपला दिली जाते. ॲपने 'हा दाब मी हाताळला' असे कळविल्यास आवाज बदलत नाही. न कळविल्यास प्रणाली आपले नेहमीचे काम करते. चालू-बंद कळ मात्र प्रणाली स्वतःकडेच राखून ठेवते. एखाद्या सदोष ॲपमुळे फोन बंदच करता येऊ नये, अशी वेळ टाळण्यासाठी ही व्यवस्था आवश्यक आहे. म्हणूनच सुरक्षेची काही ॲप्स पडदा किती वेळा उजळला व मालवला, यावरून या कळेचे दाब अप्रत्यक्षपणे मोजतात. बॅटरी वाचविण्यासाठी फोनने असे ॲप झोपविले असेल, तर ही मोजणी थांबते आणि ऐन वेळी कळ दाबूनही मदतीचा संदेश जात नाही. या कारणास्तव संकटकाळची सोय मूळ प्रणालीतच असणे अधिक भरवशाचे ठरते. आयफोनमध्ये २०१७ पासून व अँड्रॉइडमध्ये २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून चालू-बंद कळ पाच वेळा दाबण्याची सोय अशा रीतीने अंतर्भूत झाली.

अनवधानाने पडणारा दाब

सोय जितकी सुलभ, तितका चुकीच्या कॉलचा संभव अधिक. ब्रिटनमध्ये जून २०२३ मध्ये अँड्रॉइडच्या अशाच सोयीमुळे खिशातील फोनवरून नकळत कॉल जाऊ लागले व तेथील पोलिसांना जाहीर सूचना द्यावी लागली. चुकीच्या कॉलमध्ये गुंतलेला कर्मचारी खऱ्या संकटग्रस्तास तितका वेळ अंतरतो. यावर उपाय म्हणून अनेक फोनमध्ये कॉल लागण्यापूर्वी काही सेकंदांची उलटी मोजणी ठेवलेली असते; तेवढ्यात तो रद्द करता येतो. नकळत कॉल लागलाच, तर तो न तोडता चूक झाल्याचे सांगावे, म्हणजे पथकाची फेरी वाचते.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामसभेत, महिला बचत गटांच्या बैठकीत व शाळेच्या वरच्या वर्गांत ही माहिती सहज देता येईल. प्रत्येकाने आपल्या फोनमधील सुरक्षा व आणीबाणीविषयक सेटिंग उघडून कोणती कळ किती वेळा दाबावयाची, ती सोय चालू आहे किंवा नाही आणि संपर्कासाठी कोणाचे क्रमांक नोंदविले आहेत, हे पाहून ठेवावे. सुरक्षेचे ॲप वापरत असल्यास त्याला बॅटरी बचतीतून वगळावे. कळ दाबली जाऊन अडकेल असे घट्ट आवरण वापरू नये. केवळ चाचणीसाठी ११२ ला कॉल करू नये. सरपंच व शिक्षकांनी प्रथम स्वतःच्या फोनवर सेटिंग पाहून मग इतरांना दाखविल्यास, संकटाच्या क्षणी कोणती कळ दाबावी हा प्रश्न कोणालाही पडणार नाही.