तेलविहिरींचा 'चिखल' विकणारी पेढी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांनी खनिज तेलाच्या विहिरींविषयी लिहावे, हे काही सभासदांस चमत्कारिक वाटेल. परंतु 2012 साली गवारीच्या बियांचा भाव क्विंटलमागे 30,000 रुपयांच्या घरात गेला आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गवारीचे वायदे बंद करावे लागले, हे आपणांस स्मरत असेलच. त्या तेजीचे मूळ अमेरिकेतील तेलविहिरींत होते. तेथे खडक फोडण्यासाठी जे पाणी आत सोडतात, त्यास गवारीच्या डिंकाने दाटपणा आणतात. तेव्हापासून या विहिरींत काय काय ओततात आणि ते विकणाऱ्या पेढ्या कोणाच्या, याविषयी आम्हांस कुतूहल वाटत आले आहे.

फोडण्याचे काम पुढचे. त्याआधी विहीर खोदतानाच तिच्यात एक द्रव सतत फिरता ठेवावा लागतो. त्या धंद्यातील लोक त्यास 'मड' म्हणजे सरळ चिखलच म्हणतात. हा चिखल खोदणारे हत्यार थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या भाराने खालचा तेल-वायू दाबून धरतो. भार कमी पडला तर विहीर उसळून माणसे दगावतात. बेंटोनाइट माती आणि पाण्याच्या चौपटीहून जड असा बॅराइट दगड हा यातील मुख्य माल होय. बेंटोनाइट आपल्या कच्छात मिळते, तर बॅराइटचा फार मोठा साठा आंध्रातील मंगमपेट येथे आहे. 1974 साली 'सागर सम्राट'वरून मुंबईच्या समुद्रात तेल लागले, तेव्हाही चिखलावाचून काम झाले नाही.

अमेरिकेत आर्कान्सा प्रांती मॅग्नेट कोव्ह येथे बॅराइटची खाण होती. तिच्या कंपनीस संक्षेपाने 'मॅग्कोबार' म्हणत. 1949 साली ती ड्रेसर कंपनीने घेतली. दुसरी पेढी 'इम्को', ती हॅलिबर्टनकडे होती. 1986 साली तेलाचे भाव कोसळले, तेव्हा दोन्ही मालकांनी आपापला चिखलाचा धंदा एकत्र केला आणि 'एम-आय' ही भागीदारी निघाली. मॅग्कोबारचा 'एम' आणि इम्कोचा 'आय'.

यापुढील हिशेब व्यापाऱ्याने लक्षपूर्वक पाहावा. 1994 साली ड्रेसरने बॅरॉइड ही प्रतिस्पर्धी पेढी घेतली. एकाच घरी दोन मोठी दुकाने नकोत, असा आक्षेप अमेरिकी सरकारने घेतला. म्हणून ड्रेसरने एम-आयमधील आपला 64 टक्के हिस्सा स्मिथ कंपनीस 16 कोटी डॉलरांना विकला. 1998 साली ड्रेसर आणि हॅलिबर्टन हेच एक झाले, तेव्हा हॅलिबर्टनचा उरलेला 36 टक्के हिस्साही स्मिथने घेतला. त्यास पडले 26 कोटी 50 लक्ष डॉलर. पहिल्या खरेदीत एका टक्क्यास 25 लक्ष पडले होते, दुसरीत 73 लक्षांहून अधिक! चार वर्षांत भाव जवळजवळ तिप्पट. माती आणि दगड कोणासही मिळतात. कोणत्या खोलीवर किती भार धरावा हे जाणणारी माणसे मात्र पेढीत असावी लागतात, आणि आमच्या मते किंमत होती ती त्यांची.

1994 च्या न्यायालयीन हुकुमात एक अट होती. स्मिथने हा धंदा काही ठरावीक प्रतिस्पर्ध्यांस विकू नये किंवा त्यांच्या धंद्यात मिसळू नये. त्या यादीत श्लुम्बर्जे हे नाव होते. तरीही जुलै 1999 मध्ये त्याच श्लुम्बर्जेस 40 टक्के भागीदार करून घेण्यात आले. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' गणला आहे. तो शब्द आपल्याकडे बहुधा जकातीच्या संदर्भात समजावून सांगतात, पण येथे तो नेमका लागू पडतो. न्यायालयाने दोन्ही कंपन्यांस अवमानाबद्दल दोषी धरून प्रत्येकी साडेसात लक्ष डॉलर दंड केला, आणि भागीदारीतील नफ्यापोटी दोघांकडून मिळून 1 कोटी 31 लक्ष डॉलर वसूल केले.

भागीदारी मात्र टिकली. पुढे तिचे नाव 'एम-आय स्वाको' झाले. ऑगस्ट 2010 मध्ये श्लुम्बर्जेने स्मिथ कंपनीच विकत घेतली, आणि ज्या घराचे दार हुकुमाने बंद केले होते, त्याच घरात ही पेढी सगळीच्या सगळी जाऊन पडली.