ओढा पावसाळ्यात पाहावा

ओढ्यालगत किंवा पाणथळीजवळ इमारत उभी करायची, तर महाराष्ट्रात तीन-चार निरनिराळे नियम लागू होतात आणि प्रत्येक नियम पाण्याची हद्द आपापल्या पद्धतीने मोजतो. जलसंपदा विभाग पूररेषा पाहतो, महसूल खाते सातबारा आणि गावनकाशा पाहते, पर्यावरण मंजुरी देणारे प्राधिकरण बांधकामाचे चौरस मीटर मोजते, तर पाणथळीचे नियम पूरपातळीपासूनचे अंतर विचारतात. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकात मात्र या सगळ्याची एकच ओळ झालेली असते: सर्व परवानग्या प्राप्त.

तपासणीची सुरुवात महसुली कागदांपासून करणे सोयीचे. सातबाऱ्यावर पोटखराब्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग असतात. खडकाळ, लागवडीला निरुपयोगी जमीन ‘अ’ वर्गात येते. रस्ता किंवा इतरांच्याही वापरात असलेला तलाव अथवा ओढा यांखालची जमीन ‘ब’ वर्गात जाते. सातबाऱ्यावर ‘ब’ क्षेत्र दिसत असेल आणि विक्रेता ‘इथे पाणी नाहीच’ असे सांगत असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढावी. जुन्या गावनकाशावर ओढ्याची रेषा बहुधा सापडतेच. जागेवर तो सपाट करून वर मुरूम पसरलेला असला, तरी नकाशावरून तो पुसला जात नाही, आणि पाऊस पडला की पाणी जुन्याच वाटेने येते.

पूररेषा दोन असतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र असते. तिथे बाग, मैदान असे मोकळे वापरच चालतात. निळ्या आणि लाल रेषांमधल्या नियंत्रित क्षेत्रात अटींवर बांधकाम होऊ शकते. अडचण अशी, की मोठ्या नद्यांच्या रेषा आखलेल्या असतात, लहान ओढ्यांच्या पुष्कळदा नसतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात हाहाकार उडवला तो मुठेने नव्हे, तर कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने. वरच्या टेकड्यांवर बांधकामे वाढली की पाणी जमिनीत मुरायचे थांबते आणि तोच पाऊस पूर्वीपेक्षा लवकर व एकदम ओढ्यात उतरतो. म्हणून ओढ्याचे मोजमाप त्याच्या पात्रापुरते करून भागत नाही. वरचा सगळा पाणलोट आणि खालच्या मोऱ्यांची क्षमता हिशेबात घ्यावी लागते.

पर्यावरण मंजुरीचा मुख्य आधार म्हणजे 14 सप्टेंबर 2006 ची केंद्राची अधिसूचना. तिच्यानुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. 1,50,000 चौरस मीटरच्या आतल्या प्रकल्पांची छाननी अर्ज आणि संकल्पना आराखड्यावर होते. त्यापुढच्या नगरीसारख्या प्रकल्पांना सविस्तर आघात मूल्यांकन करावे लागते. इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही. ही सूट समर्थनीय वाटत नाही. इथे मोजायचे असते ते एकूण बांधकाम, तळघर आणि पार्किंग धरून. एफएसआयचा आकडा नव्हे. या दोन आकड्यांच्या घोळातून पुण्यातील एका गृहप्रकल्पाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट 2018 मध्ये 100 कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या 10 टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड झाला.

सगळ्यात कच्चा दुवा मात्र वेगळाच आहे. आघात मूल्यांकनासाठी परिसराची मूळ स्थिती सहसा एका ऋतूत नोंदवली जाते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. हवेच्या आणि आवाजाच्या नोंदींना ते चालून जाते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे ओढे चार महिने वाहतात आणि आठ महिने कोरडे असतात. त्यांना हाच नियम लावला की ओढा अहवालातून गळतो. प्रस्तुत लेखकाने पुण्याच्या पश्चिमेला सदनिका नोंदवलेल्या प्रकल्पात हेच घडले. सल्लागाराची पाहणी उन्हाळ्यातली होती आणि अहवालात ‘हंगामी नाला, प्रवाह आढळला नाही’ एवढीच नोंद. पुढच्या पावसाळ्यात त्या नाल्याने संरक्षक भिंतीचा कोपरा पाडला, तळघराच्या खड्ड्यात पाणी शिरले आणि एका इमारतीचा नकाशा बदलून पुन्हा परवानगी घ्यावी लागली. विलंबाच्या काळात घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरावे लागले ते ग्राहकांना. शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठवर चढते ते नेमके ठाऊक होते. अहवालात त्यांच्या सांगण्याला जागा नव्हती.

पाणथळींचा कायदा आणखी गुंतागुंतीचा आहे. 2017 च्या नियमांनुसार संरक्षित पाणथळीच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत कायमचे बांधकाम करता येत नाही. बोटींच्या धक्क्यापुरता अपवाद आहे. पण नदीपात्र, भातखाचरे, मिठागरे, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव हे पाणथळीच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. त्यामुळे ‘हे मिठागर आहे, पाणथळ नव्हे’ असा युक्तिवाद होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला, इस्रोने नकाशांवर आणलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळींना सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये संरक्षण दिले आहे. राज्याच्या अधिसूचनेत नाव नाही, एवढ्यावरून जागा मोकळी ठरत नाही. खाडीकाठी याशिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात.

घर घेणाऱ्याने महारेराच्या संकेतस्थळावरून मंजूर आराखडा उतरवून घ्यावा आणि तो गावनकाशाशेजारी ठेवून पाहावा. पर्यावरण मंजुरीचे पत्र ‘परिवेश’ या केंद्रीय संकेतस्थळावर मिळते. त्यातल्या अटींपैकी नाल्याची रुंदी, वळवणूक आणि पुराच्या पाण्याचा निचरा यांविषयीच्या अटी आधी वाचाव्यात. विकासकाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो, तो मागावा. पाहणी कोणत्या महिन्यात झाली ते अहवालात लिहिलेले असते. तो महिना मार्च ते मे यांतला असेल, तर जुलैत स्वतः जाऊन ओढा पाहावा आणि शक्यतो मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे.

हे सारे पैसे भरण्यापूर्वी करायचे आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस मिळतात, त्यापुढे नाहीत. सदनिकांची विक्री बहुधा ही मुदत उलटल्यावरच सुरू होते.