झडपेची गोळी आणि डोक्यातला रक्तस्राव

प्रश्न : आईच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली आहे. तेव्हापासून रोज असिट्रॉम ही रक्त न गोठू देणारी गोळी चालू आहे. या गोळीने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरच म्हणाले. मग ती बंद का करत नाहीत? आई आषाढीला पंढरपूरला चालत जाते, तेव्हा काय जपावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : गोळी बंद केली तर धातूच्या झडपेवर गुठळी धरते. ती झडप अडकवते, नाहीतर सुटून मेंदूत जाते आणि लकवा होतो. म्हणून ही गोळी जन्मभराची. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत. त्यांपैकी डाबिगॅट्रानच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, तो मध्येच थांबवावा लागला.

सारी मदार आयएनआर या, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या, रक्ततपासणीवर. मायट्रल झडपेला तो साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. साडेचारच्या पुढे गेला की रक्तस्रावाची भीती झपाट्याने वाढते. आकडा स्थिर असला तरी महिन्याला तपासा. आणि बीपी! मेंदूतल्या रक्तस्रावाचं ते मोठं कारण, तरी घरोघरी त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

वारीत गुडघे धरतात, पोट बिघडतं, आणि वाटेतल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नि मेट्रोनिडाझोल घेतली जाते. पहिलीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, दुसरीने आयएनआर भराभर चढतो. त्यात एकादशीचा उपास. खाणं तुटलं की आकडा आणखी वर जातो. म्हणून दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर आयएनआर करा. पालेभाजी सोडायची गरज नाही; रोजचं प्रमाण सारखं ठेवा. असिट्रॉमची वेळ मात्र उपासालाही चुकवू नका.

आई पडली, गाडीवरून घसरली, डोक्याला नुसता मुका मार लागला, तरी थेट दवाखान्यात न्या. वरून खूण नसते आणि आत रक्त हळूहळू साठतं. वयस्कर माणसात डोकेदुखी, गुंगी, उलटी, बोलण्यात अडखळणं काही दिवसांनीही दिसतं. सिव्हिल असो की खासगी, पहिलं वाक्य हेच : "धातूची झडप आहे, असिट्रॉम चालू आहे." मग सीटी स्कॅन लगेच होतो. रक्तस्राव निघालाच, तर व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक देऊन गोळीचा परिणाम उतरवतात. रक्तस्राव थांबल्यावर, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत, मेंदूचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून रक्त न गोठू देणारं औषध पुन्हा सुरू करतात.