दर जूनला नवा आदेश

वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाले तेव्हा मी छत्तिशीत होते. मुलं लहान, घरात आजारपण, त्यात प्रबंध रखडलेला. पुढे एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, लागले. दर जूनला नवा आदेश, परीक्षा संपल्या की कार्यमुक्त, मानधन कधी तरी एकदम. यंदा विद्यार्थी घटले, वर्कलोड बसेना, आदेश निघालाच नाही. वय त्रेपन्न.

‘शिकवत राहा, कायम जागा निघाली की अनुभव कामी येईल,’ असं सगळेच सांगतात. सीएचबीवर असलेल्या माझ्या मैत्रिणींनी एकदा यूजीसीची 2018ची नियमावली उघडून बघावी. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी कुणाला मुलाखतीला बोलवायचं, याचा गुणतक्ता तिच्यात आहे. पीएच.डी.ला 25 गुण, नेटला 8, सेटला 5. अनुभवाला वर्षाला 2, पण जास्तीत जास्त 10. म्हणजे पाच वर्षं शिकवलेली आणि वीस वर्षं शिकवलेली, दोघी एकाच पायरीवर. एवढं करून निवड ठरते ती मुलाखतीतच.

वयाचा प्रश्न तिथे येतो. जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता, तरी ‘साठीला निवृत्ती, मग सहा-सात वर्षांसाठी तुम्हाला घेऊन काय करायचं?’ असं मला तोंडावर विचारलं गेलं. दुसऱ्या एका संस्थेत तर ‘किती देऊ शकता?’ अशी विचारणा झाली. अशा जागेसाठी दागिने मोडलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. कृपा करून देऊ नका. ज्या पैशाची पावती नाही, तो परत मागायला कुठे जाणार?

म्हणून पाच वर्षं झाली की थांबून हिशेब मांडा, आणि दुसरी वाट चाळिशीच्या आतबाहेरच धरा. सीएचबी चालू असतानाही ते जमतं. नेट-सेट राहिली असेल तर द्या. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी तिला कमाल वयाची अट नाही. नियुक्तीचा आदेश, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, मानधन जमा झाल्याचा बँकेचा उतारा त्या त्या वर्षीच हातात घ्या. प्राचार्य बदलले, लिपिक निवृत्त झाले की जुनी फाइल सापडत नाही.

खासगी नोकरीत अडचण उलटी. औषधी वनस्पतींचे अर्क करणाऱ्या कंपनीत मला सांगितलं, ‘मॅडम, तुम्ही आमच्या मॅनेजरपेक्षा जास्त शिकलेल्या, इथे टिकणार नाही.’ आता माझ्या अर्जाच्या वरच्या ओळींत प्रबंधाचं शीर्षक नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली भेसळ ओळखता येते, वनस्पतींचे नमुने जतन करता येतात, प्रयोगशाळा सांभाळता येते, हे असतं. त्यानंतर निदान बोलावणी येऊ लागली.

विज्ञानातल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना आहे. तिच्यातल्या पीएच.डी.नंतरच्या संशोधनवृत्तीला साठीपर्यंत अर्ज करता येतो. बौद्धिक संपदेच्या प्रशिक्षणाचं दार मात्र पंचेचाळिशीला बंद होतं, हे मला फार उशिरा समजलं. पेटंट एजंटची परीक्षा त्या प्रशिक्षणाशिवायही देता येते. विज्ञानाची पदवी लागते, वयाला वरची मर्यादा नाही. मी सध्या तिचाच अभ्यास करते आहे. पेटंट कायद्याची कलमं पाठ व्हायला वेळ लागतो, पण वनस्पतिजन्य औषधांवरचा अर्ज समोर आला की त्यात नवं काय आणि जुनं काय, हे मला चटकन दिसतं.