पारख

उन्हाळ्याची सुटी लागली, की जिल्ह्याच्या गावी क्रीडा-शिबिरे भरू लागतात. हिंगोलीचे ऊन कडक. म्हणून मुलेमुली तांबडे फुटताच मैदानावर हजर होतात. कोणी सेनगावाकडून आलेला असतो, कोणी वसमतेहून, तर कोणी औंढ्याहून. पुढे शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत, म्हणजे खेळाडूंच्या निवासी शाळेत, जावयाचे असेल, तर निवडीची चाचणी द्यावी लागते. उंची व वजन नोंदले जाते, तीस मीटर आणि आठशे मीटर धावावयास लावतात, जागेवरून लांब उडी मारावयास सांगतात. फीत व घड्याळ यांनी जेवढे मोजता येते, तेवढे सारे वहीत उतरते. तथापि जाणत्या मार्गदर्शकाचे लक्ष वहीबाहेरही असते. पडल्यावर कोण लगेच उठला, सांगितलेली चूक दुसऱ्या खेपेस कोणी टाळली, आपली पाळी संपल्यावर दुसऱ्याचा खेळ पाहत कोण थांबला, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. अर्थात ही नजरही क्वचित फसते.

अशी ती एकदा कोल्हापुरास फसली. राजाराम महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या. कुस्तीसाठी नाव द्यावयास एक विद्यार्थी क्रीडाशिक्षकांपुढे येऊन उभा राहिला. उंची साडेपाच फुटांहूनही कमी, अंग सडपातळ. शिक्षकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि नाव घेण्यास नकार दिला. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. थोराड मल्लांपुढे असा कृश मुलगा सोडावा आणि त्याचा हात मोडावा, हे कोणत्या शिक्षकास रुचेल? परंतु त्या मुलाचे नाव खाशाबा जाधव होते, हे त्यांना उमगले नाही.

खाशाबांचा जन्म १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. लाल मातीतले पहिले डाव मुलाने त्यांच्याच हाताखाली गिरवले. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला जमिनीवर फेकावयाचा ‘ढाक’ हा डाव तर त्यांच्या अंगवळणी पडला होता. मात्र ढाक अंगावर दिसत नाही. तो आखाड्यातच दिसतो.

खाशाबा शिक्षकांशी हुज्जत घालीत बसले नाहीत, की रुसून घरीही गेले नाहीत. ते प्राचार्यांकडे गेले आणि खेळण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. मग स्पर्धेत त्यांनी एकामागून एक जोड लोळविली. त्यांतील कित्येक त्यांच्याहून बलवान व अनुभवी होते.

यापुढची गोष्ट अधिक कठीण. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. तेथे माती नव्हती, गादी होती. मातीत पाय रोवता येतो. गादीवर तोल वेगळा सांभाळावा लागतो, आणि चितपट झाली नाही, तर गुणांवर निकाल लागतो. रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाने त्यांना या कुस्तीचे धडे दिले. मातीतली मैदाने गाजविलेल्या बावीस वर्षांच्या मल्लास पुन्हा पहिल्या इयत्तेत बसणे जड जाते, खाशाबा बसले. लंडनला फ्लायवेट गटात ते सहावे आले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी निवडीवरून पुन्हा अडचण आली. आपणांस अन्यायाने वगळले, असे वाटून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ काही क्षणांतच टेकली, अशी हकीकत सांगतात. कॉलेजात काय किंवा येथे काय, खाशाबांनी पद मागितले नाही. मागितली ती कुस्ती.

निवड झाली, पण प्रवासाला पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि मल्ल हात हलवीत परतण्याचा संभवही होताच.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली, तीत ते हरले. थकलेल्या अंगाने, पुरेशी विश्रांती न मिळताच, त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. त्यांच्या बाजूने बोलावयास कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

कराडास परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. वाद्ये वाजली, हारांचे ढीग पडले. ही गडबड ओसरल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात उतरले, आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.