मॅथ्सला सोडचिठ्ठी देण्याआधी

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की माझा फोन तापतो. परवाचाच एक: "सर, मुलीला नीट द्यायचीय. मॅथ्स सोडलं तर बायोला वेळ मिळेल ना?" मुलीला काय वाटतं, असं विचारलं. उत्तर आईनंच दिलं.

नीट, जेईई, सीईटीचं गणित तुमच्या गल्लीतला क्लासवाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मी गाईबद्दल बोलतो.

भरपूर दूध देणारी गाय व्याली की कधीकधी बसते ती उठतच नाही. याला दुग्धज्वर म्हणतात. ताप मात्र नसतो. दुधावाटे एकाएकी इतकं कॅल्शियम जातं की रक्तातली पातळी कोसळते. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुतेक गाई उभ्या राहतात. पण ज्या पडतच नाहीत, त्या कशा सावरतात? 2002 साली हाना एल-समद, जेसी गॉफ आणि मुस्तफा खम्माश यांनी हा प्रश्न कंट्रोल थिअरीनं, म्हणजे नियंत्रणाच्या गणितानं, सोडवला. पॅराथायरॉइड ग्रंथीचा हार्मोन आत्ताची तूट पाहून हालतो. सक्रिय ड जीवनसत्त्व मात्र तूट टिकेल तसं वाढत जातं, जणू मागची बाकी वहीत मांडून ठेवतं. नुसत्या हार्मोनवर पातळी सावरते, पण मूळ जागेच्या थोडी खालीच अडकते. ही बाकी मांडणारा असेल तरच ती पुरती भरून येते. बाकी मांडणं म्हणजे बारावीचं इंटिग्रेशन. होय, बायोवाल्यांना काय कामाचं म्हणून तुम्ही सोडायला निघालात, तेच.

साखर मोजून इन्सुलिनचा डोस स्वतःच कमी-जास्त करणाऱ्या पंपामागे हाच विचार आहे. अशा पहिल्या पंपाला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली.

बायो आणि मॅथ्स असं जोडून शिकायचं कुठे? पुण्यात आयसर ही विज्ञानसंस्था आहे. तिच्या प्रवेश परीक्षेत चारही विषय येतात. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल आणि बायोसायन्सेस एकाच आवारात आहेत. पुढे बहुधा पीएचडी. "पॅकेज किती?" हा पुढचा प्रश्न असेल, तर हा रस्ता तुमचा नाही, आणि तसं सांगायला मला संकोच वाटत नाही. चार विषय खरंच झेपत नसतील तर एक सोडावा, त्यात लाज कसली?

त्या बाईंना म्हटलं, "ताई, फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत. आता फोन तिच्याकडे द्या."