हातखंब्याला या, म्हणाले तेव्हाच ओळखा

पावसला नणंदेकडचे दोन दिवस फार छान गेले, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून वन्संना उगाच वाईट वाटायचं. मे महिन्यात कोकणात घामाच्या धारा लागतात, पण दुपार कलल्यावर खारा वारा सुटला की पडवीतून उठवत नाही. रोज आमरस, फणसाची भाजी, सोलकढी. संध्याकाळी स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात जाऊन बसायचं. रत्नागिरीत थिबा राजवाडाही पाहिला. ब्रह्मदेशच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, राजवाडा मिळाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. "बिचाऱ्याला परतीचं तिकीटच नव्हतं," हे म्हणाले. आमच्याकडे होतं!

ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. म्हणून मी महिनाभर आधी ॲपवर खालचे दोन बर्थ निवडले होते. एसी स्लीपर बस, रत्नागिरी ते पुणे. निघायच्या दिवशी दुपारी जेवणं उरकत होती तेवढ्यात फोन. "काकी, आपली गाडी शहरात येणार नाही, रात्री नऊला हातखंब्याला या." कारण विचारलं तर "ट्रॅफिक". भाचा रिक्षा घेऊन आला आणि त्याने आम्हाला तिठ्यावर सोडलं. तिथे टपरीच्या उजेडात पावणेअकरापर्यंत उभे.

गाडी आली ती राजापूरहून. वेगळ्याच रंगाची, आत खच्चून भरलेली. डिकीत आंब्याच्या पेट्या इतक्या ठासलेल्या की आमची बॅग मांडीवर घ्या म्हणाले. क्लीनरने टॉर्च मारला तो वरच्या बर्थवर. "आजोबा, चढा." आमच्या खालच्या बर्थवर दोन मुलं कानात वायर घालून झोपलेली. त्यांच्याकडेही तिकीट होतं, त्याच नंबरचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं: रत्नागिरीची गाडी रद्दच झाली होती. दोन गाड्यांची माणसं एकात कोंबली होती आणि दुपारचा तो फोन आला तेव्हाच त्या माणसाला हे ठाऊक होतं. मला काकी म्हणताना त्याचा आवाज किती गोड होता, ते अजून आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

"ॲडजस्ट करा, साताऱ्याला कोणी उतरलं तर देतो." साताऱ्यापर्यंत, म्हणजे आख्खा कुंभार्ली घाट, सत्तरी ओलांडलेला माणूस ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनशेजारच्या बाकड्यावर. खाली उतरायचं तर रात्री अकराला हायवेवरून जायचं कुठे? हेच ते हेरून असतात. साताऱ्याला कोणीही उतरलं नाही, हे सांगायला नकोच.

पुण्यात आल्यावर बसवाले म्हणाले, बुकिंग ऑनलाइन आहे, ॲपला विचारा. ॲपवाले म्हणाले, ऑपरेटरला विचारा. मग एक कूपन आलं, पुढच्या प्रवासात थोडी सूट. पुढचा प्रवास! आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, खासगी गाडी करायची होती." सल्ला फुकट असतो, गाडी नसते.

तर ऐका. दुपारी फोन करून फाट्यावर बोलावलं की समजा गाडी बदलली. तिथल्या तिथे विचारा: गाडीचा नंबर काय, सुटते कुठून, आमचा बर्थ तोच आहे का? आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर त्यांनाच तिकीट रद्द करायला लावा. आपण स्वतः रद्द केलं तर पैसे कापून घेतात. बुकिंग करताना बर्थचा जो नकाशा दिसतो त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर ॲपवर नुसता नंबर उरतो, वरचा की खालचा ते कळत नाही. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो चढण्याआधी काढा. आणि कूपन घेऊ नका, 'तक्रार मिटली' असं बटण तर मुळीच दाबू नका.

भाड्याचंही बघा. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार खासगी बसला एसटीच्या तशाच गाडीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही. सुट्टीत हे कोण पाळतं, तो भाग वेगळा, पण आरटीओकडे तक्रार करता येते.

एसटी मात्र आठवा. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाल्यावर मोफत, बायकांना २०२३ पासून अर्धं. दिवसाची गाडी, बसायची सीट, आणि ती स्टँडवरूनच सुटते. पाठ दुखेल, पण निदान कोणी शिडी चढायला सांगणार नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर मी तक्रार नोंदवली. ती मुलगी शांतपणे ऐकून घेत होती, एवढ्यानेच मला रडू आलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यासाठी रत्नागिरीला जावं लागत नाही. कागद तयार आहेत. "जाऊ दे ना आता," असं हे रोज म्हणतात. बाकड्यावर हेच बसले होते, तरी.